डेगल गॅसचा निरोप कुणी वाचलाच नाही

"आपण गॅस विकतो, कोलेट. फुगे विकत नाही! दिवसातून किती वेळा त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकांचा फोन वाजवायचा?" डेल्फीन वैतागून म्हणाली.

कोलेट डेगलने मान वर केली नाही. व्हॅलेंटाइनच्या निमित्ताने शेगड्यांवर सूट ठेवायची, त्याचा मजकूर ती स्वतः लिहीत होती. बाहेर सेंट जॉन नदी गोठून पांढरी झाली होती आणि आवारात रनो, कोलेटचा धाकटा भाऊ, गॅसचा ट्रक भरत होता.

डेल्फीन तिची मावसबहीण. बॉस्टनला एका बँकेचं ॲप सांभाळायची. आईच्या आजारपणात मेन राज्यातल्या या गावी परत आली ती इथेच राहिली आणि डेगल गॅसचं ॲप आपसूक तिच्याकडे आलं. ॲप तसं लोकांच्या सोयीचं होतं. टाकीत गॅस किती उरलाय ते घरबसल्या दिसायचं, बोट लावलं की ट्रक यायचा. पण फुकटात प्रत्येकाच्या खिशापर्यंत पोचता येतं, हे एकदा कळल्यावर कोलेटचा हात आवरेना. थँक्सगिव्हिंगची सूट, नाताळची सूट, बर्फ पडलं म्हणून सूट. फोन उचलणारी ल्युसील निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागी कुणाला घेतलंही नाही. कुणी फोन केला की 'कृपया आमचं ॲप वापरा' अशी टेप वाजायची.

"तू डाउनलोडचे आकडे बघ ना," कोलेट म्हणाली. "दर महिन्याला वाढताहेत!"

"डाउनलोड म्हणजे लग्नाची पत्रिका घेणं. जेवायला किती आले ते बघ की!" डेल्फीनने स्क्रीन तिच्याकडे वळवली. "ही रेघ खाली चाललीय ना, ते आपल्या सूचना चालू ठेवणारे लोक. नाताळानंतर निम्मेसुद्धा उरले नाहीत. ॲप काढत नाहीत, कारण टाकी बघायची असते. थंडीची लाट यायच्या आदल्या दिवशी उघडतात, टाकी बघतात, बंद करतात. त्यांना आपल्याकडून तेवढंच हवंय."

"एकाने तरी तक्रार केली का?"

"हीच तक्रार आहे, बाई! आपल्या लोकांना भांडायचा कंटाळा. ते मुकाट्याने दार लावून घेतात. आणि दार लागलं की खरं काही सांगायचं असलं तरी आत ऐकू जात नाही."

आता मात्र कोलेट चिडली. "तुझ्या बँकेला काय गं, लोक कुठे पळून जाणार होते? इथे दक्षिणेतून ती मोठी कंपनी आलीय. ग्रीन नदीच्या रस्त्यावरची किती घरं गेली, ठाऊक आहे ना? मी गप्प बसले तर लोक मला विसरतील."

त्या बोलण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. वडिलांनी एका ट्रकवर उभा केलेला धंदा आपल्या हातून बुडेल, ही भीती तिला झोपू देत नव्हती. डेल्फीनने स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. सूट जाहीर करणारा निरोप गेलाच.

त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी, गॅस पुरवणाऱ्या डेपोतून कोलेटच्या मोबाइलवर फोन आला. आठवड्याच्या सुरुवातीला आलेल्या मालात वासाचं औषध मिसळायचं राहून गेलं होतं.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती झाली तर माणसाला कळावी म्हणून. तो नसेल तर घर गॅसने भरलं तरी कुणाला पत्ता लागणार नाही. आणि रनो तीन दिवस तोच माल घरोघर भरत होता!

"निरोप पाठव," कोलेट डेल्फीनला ओरडून म्हणाली. "टाकीचा नळ बंद करा, काही पेटवू नका, घराबाहेर पडा. पाठव आत्ताच्या आत्ता!"

डेल्फीनने निरोप पाठवला. दोघी स्क्रीनसमोर बसल्या. 'पाहिला' या शब्दापुढचा आकडा थोडा हलला, आणखी थोडा हलला आणि थांबला.

"पुढे का जात नाही?"

"बहुतेकांच्या फोनवर तो वाजलाच नसेल, कोलेट."

"मग साधा मेसेज कर! फोन कर!"

"ज्यांचे नंबर आहेत त्यांना करते. पण ॲप घेताना आपण नंबर मागितलाच नव्हता. आणि जुन्या यादीतले निम्मे बदललेत."

तेवढ्यात कार्यालयाचा फोन खणखणला, दोनदा वाजला आणि टेप सुरू झाली. 'कृपया आमचं ॲप वापरा.' कुणीतरी घाबरून विचारायला फोन करत होतं आणि कोलेटचाच गोड आवाज त्याला परत पाठवत होता! तिने धावत जाऊन टेपच्या यंत्राची वायर उपटली, साधा फोन लावला आणि डेल्फीनच्या हातात दिला.

"तू इथून हलायचं नाही. अग्निशमनवाल्यांना सांग, रेडिओवाल्यांना सांग. आम्ही दारोदार जातो."

रनो, दोन्ही मेकॅनिक, अग्निशमन दलाची माणसं, सगळ्यांनी रस्ते वाटून घेतले. चर्चमागचा रस्ता कोलेटने घेतला. हातात गॅस हुंगणारं यंत्र होतं. प्रत्येक दारावर थाप मारायची, टाकीचा नळ बंद करायचा आणि माणसांना चर्चच्या हॉलकडे पिटाळायचं. तो हॉल लाकडाच्या भट्टीवर तापायचा.

दुसऱ्याच घरात एक तरुण बाई फोन हातात घेऊनच दारात आली. "तुमचा निरोप? हो, आला होता की. मला वाटलं पुन्हा सेल असेल. न वाचताच पुसून टाकला."

कोलेटने तिला हॉलकडे धाडलं आणि मागे जाऊन टाकीचा नळ बंद केला. ती पुढच्या घराकडे पळाली.

रस्त्याच्या टोकाला मादोर नवराबायको राहत. जर्वे मादोरने जन्मभर बटाट्याची शेती केली. कोलेटच्या वडिलांच्या पहिल्या गिऱ्हाइकांतला तो. दार त्याच्या बायकोने, इमेल्डाने, उघडलं. खांद्यावर शाल होती आणि दम लागला होता.

"अगंबाई, कोलेट! ये ना आत. प्लोयचे घावन करतेय, खाऊन जा."

"काकू, चूल पेटवलीत का?"

"छे, अजून कुठे? आधी गरम पाणी येईना. बंब विझलाय वाटतं. हे तळघरात गेलेत पेटवायला."

कोलेट धावली. तळघराचं दार उघडताच हातातलं यंत्र किंचाळायला लागलं. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जाऊन साचतो. जिन्याखाली टॉर्चच्या उजेडात जर्वे बंबापुढे गुडघ्यावर बसलेला दिसला. एका हातात काड्यापेटी, दुसऱ्या हातात काडी.

"काका! काडी ओढू नका!"

तो दचकून वळला. "कोण, कोलेट? काय झालं गं?"

"गॅस गळतोय!"

"गॅस?" त्याने दोनदा जोरात हुंगलं. "काहीतरीच! वास तर अजिबात नाही." आणि काडी पुन्हा पेटीला टेकली.

"म्हणूनच सांगतेय! या खेपेच्या गॅसला वासच नाही! टाका ती पेटी! टॉर्च तसाच राहू द्या, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. माझ्याकडे बघा आणि नुसते वर या!"

म्हाताऱ्याने काडी हळूच पेटीत ठेवली, पेटी जमिनीवर ठेवली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढू लागला. यंत्र ओरडतच होतं. तो हाताशी येताच तिने त्याला खेचलं, इमेल्डाला शालीसकट कवेत घेतलं आणि तिघं बर्फातून दूर रस्त्यावर उभ्या केलेल्या तिच्या गाडीत जाऊन बसली. मग ती एकटी परत गेली, परसातल्या टाकीचा नळ बंद करून आली आणि तिने अग्निशमनवाल्यांना बोलावलं.

ते येईपर्यंत तिघं गाडीतच थांबली. मग जर्वेने खिशातून फोन काढला.

"निरोप पाठवला असशील ना?"

"पाठवला होता, काका."

"मला नाही आला. मी तुला बंद करून ठेवलंय." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "नाताळात हिच्या फुप्फुसांची तपासणी झाली. डॉक्टरच्या निरोपाची वाट बघत होतो. फोन वाजला की हातातलं टाकून धावायचो. आणि दर वेळी तू असायचीस. शेगडी घ्या, शेगडी घ्या! तिसऱ्यांदा ही रडायला लागली. मग मी तुझं तोंड बंद केलं."

कोलेटने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हमसून रडली.

दुपारपर्यंत सगळ्या घरांपर्यंत माणसं पोचली. कुणाला इजा झाली नाही. रविवारी प्रार्थनेनंतर त्याच हॉलमध्ये लोक जमले तेव्हा कोलेट उभी राहिली.

"चूक डेपोची होती. पण निरोप पोचला नाही, ती चूक माझी. तुम्ही एकेक जण दार लावून घेत होतात. डेल्फीन मला ते दाखवत होती. आणि मी फक्त किती दारं आहेत ते मोजत बसले!"

"म्हणजे यंदा व्हॅलेंटाइनला शेगडी नाही म्हणायची!" मागून कुणीतरी टोमणा मारला आणि हॉल हसला. कोलेटलाही हसू आलं.

"नाही. यापुढे तीनच गोष्टी कळवीन. ट्रक निघाला, टाकी संपत आली आणि धोका आहे. आणि फोन माणूसच उचलेल."

सूचना पुन्हा चालू करा म्हणून इमेल्डाने जर्वेला कोपराने ढोसलं. त्याने फोन काही काढला नाही. "बघू," म्हणाला. "आधी थोडे दिवस गप्प राहून दाखव."

कोलेट गप्प राहिली. सोपं नव्हतं ते. मोठ्या कंपनीच्या जाहिराती रोज येत होत्या आणि तिचे हात शिवशिवत होते. पण आता सोमवारच्या बैठकीत ती डाउनलोड विचारत नसे. किती जणांनी सूचना बंद केल्या, लोक ॲप कधी उघडतात, कशासाठी उघडतात, ते विचारी. जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी सूचना बंद केल्या होत्या त्यांना स्वतः फोन करून कारण विचारी आणि ऐकून घेई. डेल्फीनची ती रेघ हळूहळू वर चढू लागली.

मार्चमध्ये एक फोन आला. "ट्रक निघाल्याचा निरोप मिळाला," पलीकडून जर्वेचा घोगरा आवाज आला. "वाटेवरचं बर्फ काढून ठेवलंय, रनोला सांग." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. कोलेटने हसत रिसीव्हर ठेवला. डेल्फीनने विचारलं, "काय गं?" "जर्वेकाकांनी आपल्या सूचना पुन्हा चालू केल्या!" कोलेट म्हणाली.

मित्रहो, गिऱ्हाइकाने खिशात जागा दिली म्हणजे आपल्याला हक्क मिळाला असं नाही. त्याने आपलं काही ऐकून घ्यावं, एवढा विश्वास त्याने टाकलेला असतो. तो आपलं ॲप कधी उघडतो, कशासाठी उघडतो आणि कधी गप्प करतो, यातून तो रोज आपल्याशी बोलत असतो. धंदा करणाऱ्याने ते बोलणं कान देऊन ऐकलं पाहिजे आणि आपण बोलायचं ते त्याच्या कामाचं असेल तेव्हाच. नाहीतर ज्या दिवशी आपला शब्द कुणाचा जीव वाचवू शकेल, त्या दिवशी तो ऐकायला कुणी उरणार नाही!