खतखड्ड्यातली तेरा अंडी

खतखड्ड्यातला पाचोळा हाताने बाजूला सारताना तेजलच्या बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. तिने हात मागे घेतला नाही. उलट आणखी थोडा पाचोळा अलगद उचलला. पांढरी, लांबट अंडी. एकमेकांना चिकटून पडलेली. कोंबडीची नव्हेत हे उघडच होतं, आणि गेल्याच आठवड्यात कुंपणाच्या भिंतीवरून सरसरत गेलेली ती लांबलचक पिवळसर शेपटी तिला आठवली.

तिने अंबरनाथच्या अनंताला फोन लावला. हा सर्पमित्र अर्ध्या तासात मोटरसायकलवरून बदलापूरला आला, खड्ड्याशी उकिडवा बसला आणि कशालाही न शिवता अंडी मोजली. तेरा.

"धामण आहे," तो म्हणाला. "विष नसतं तिला. खताची ऊब बघून घातलीत. हलवू नका, उलटीपालटी झाली तर आतलं पिल्लू मरतं. दोनेक महिने लागतील."

वनखात्याला कळवायचं कामही त्याने अंगावर घेतलं. तेजलला तर कुणाला सांगू नि कुणाला नको असं झालं होतं. ती वळली, आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या सासूला, बनूबाईंना, पाहून तिचा चेहरा उतरला.

बनूबाईंची पहिली मुलगी शालन नऊ वर्षांची असताना भातलावणीत साप चावून गेली होती. तेजलच्या नवऱ्याचा, जितेशचा, तेव्हा जन्मही झाला नव्हता. आता त्या शेतांच्या जागी इमारती उभ्या होत्या, पण या घरात 'साप' हा शब्द अजूनही कुणी उच्चारत नसे. लग्न होऊन आल्यावर तेजलला पहिल्या आठवड्यातच ते समजावलं गेलं होतं. म्हणायचंच झालं तर 'जनावर' म्हणायचं.

संध्याकाळी जितेशने ऐकलं आणि तो सरळ म्हणाला की अनंताला बोलव आणि अंडी घेऊन जायला सांग, आईसमोर हे नको. तेजल काही बोलणार, तोच बनूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या,

"राहू दे."

एवढंच.

मग तेजलच्या अंगात जणू वारं भरलं. मुंगुसाने उकरू नये म्हणून तिने खड्ड्यावर भाजीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला, त्यावर विटा ठेवल्या. कंपनीच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत ती घरी फोन करायची. भाजी काय केली असं विचारून झालं की हळूच खड्ड्याकडे वळायची. बनूबाई म्हणायच्या, "हाय तसंच हाय." पण स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज एक चौकोन पेन्सिलीने खोडलेला दिसायचा. तेजल तो खोडत नव्हती.

चाळिसाव्या दिवशी पावसाने कहर केला. तेजल भिजत घरी पोचली ती थेट मागच्या दाराकडे धावली. खड्ड्यात पाणी नव्हतं. वरच्या अंगाने कुणीतरी चर खणून सगळं पाणी कुंपणाकडे वळवलं होतं, आणि बहात्तर वर्षांच्या बनूबाई पडवीत बसून हाताला खोबरेल चोळत होत्या. तेजलने चहा करून त्यांच्या हातात दिला.

सदुसष्टाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तिने क्रेट उचलला आणि तिथूनच जितेशला हाक मारली. एका अंड्यावर बारीक चीर पडली होती. बघता बघता दुसऱ्यावर. चिरेतून नखाएवढं डोकं बाहेर आलं, काळेभोर डोळे, आणि दोऱ्यासारखी जीभ लवलवली. तेजलने तोंडावर हात दाबून धरला. हसू येत होतं की रडू, तिचं तिला कळेना. जितेश आधी चार हात लांबून मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. तिसरं पिल्लू बाहेर पडलं तेव्हा तो मांडी घालून मातीतच बसला होता.

बनूबाई पाट घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या अगदी कडेला बसल्या. एकेक पिल्लू बाहेर पडे, क्षणभर थबके आणि भोपळ्याच्या वेलाखाली नाहीसं होई. चार. पाच. तेजल मोठ्याने मोजत होती. सात झाली.

"शालन गेली ना," बनूबाई म्हणाल्या, "त्या दिशी वाडीतल्यांनी मागल्या दारी जनावर मारलं. म्हणाले, ह्यानंच पोरीला खाल्लं."

शालनचं नाव त्यांच्या तोंडून तेजल पहिल्यांदाच ऐकत होती.

"धामण व्हती ती. मी बघितलं ना. पोट फुटलं तशी अंडी बाहेर आली." त्या खड्ड्याकडेच पाहत होत्या. "मला ठावं व्हतं, ही नव्हं. पण सगळे माझ्यासाठीच मारत व्हते. मी नाय बोलले."

जितेशचा मोबाईल मांडीवर तसाच पडला. "आई..." तो म्हणाला. तेजल त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे सरकली.

"सरक," बनूबाई हळूच म्हणाल्या. "वाटेत बसलीस त्याच्या."

आठवं पिल्लू कवचातून पुरतं बाहेर आलं होतं. तेजल घाईने बाजूला झाली. पिल्लाने मान उचलून इकडेतिकडे पाहिलं, वेलाकडे न जाता ते पाटाच्या दिशेने आलं आणि बनूबाईंच्या अनवाणी पावलावर चढलं. बनूबाईंनी पाऊल हलवलं नाही. ते ओलं, इवलंसं अंग पावलावरून सावकाश पलीकडे उतरून पानांत शिरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

"आठ," त्या म्हणाल्या.