तड्यावर बसवलेली काच

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पट्टी आहे. बोटभर रुंद, वीतभर लांब. काच फुटू नये म्हणून सगळे जपतात. माझे उलटे होते. वेळ आली की तुटायचे, एवढेच माझे काम होते.

मी मूळची एका खिडकीची. गावाबाहेरच्या तळावर आवाजाहून वेगवान विमाने आली, मग अवकाशातून परतणारी यानेही तिथेच उतरू लागली. असे यान पुढची हवा इतक्या जोराने दाबते की तो दाब धक्का होऊन जमिनीवर आदळतो. एक धक्का पुढच्या टोकाचा, एक शेपटीचा, म्हणून आवाज दोनदा येतो. पहिल्याने माझी खिडकी हादरली, दुसऱ्याने फुटली. उरलेल्या तुकड्यातून काचवाल्याने मला कापले.

त्याच धक्क्यांनी गावातल्या एका शिंपीणबाईंच्या भिंतीला तडा गेला होता. तड्याखाली त्यांच्या सासऱ्यांची खाट. खोली एकच, समोर शिलाई मशीन आणि कापडाचे गठ्ठे. खाट हलवायची तरी कुठे?

तळाच्या कचेरीतून इंजिनिअर आले. त्यांनी मला तड्यावर आडवे ठेवून दोन्ही टोके प्लास्टरने भिंतीला पक्की केली.

"तडा वाढला तर ही तुटेल. तुटली तर भिंत आम्ही बांधून देऊ," ते म्हणाले.

"आणि नाही तुटली तर?" बाईंनी विचारले.

"मग तडा जुनाच, आमच्या यानांचा नव्हे."

सासऱ्यांना कमी ऐकू येई. इंजिनिअर गेल्यावर त्यांनी मला निरखून पाहिले. "सूनबाई, भिंतीला टाका घातला वाटतं?"

बाईंनी खरे सांगितले असते तर म्हाताऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नसता.

"हो बाबा, टाकाच आहे. झोपा निवांत."

पुढचे यान यायच्या दिवशी गावाने खिडक्यांना टेप लावली. बाई कपडे पोचवायला गेल्या होत्या. सासऱ्यांनी स्टुलावर चढून मलाही टेपच्या तीन पट्ट्या चिकटवल्या.

धक्के आले. तडा रुंदावला आणि मी बरोबर मध्यावर तुटले. मित्रांनो, आयुष्यात तेवढाच एक क्षण मला माझा अभिमान वाटला.

इंजिनिअरांनी टेप पाहून मान हलवली. "हिला हात लागलाय. तुम्हीच मोडली नाहीत कशावरून?"

"मग दुसरी लावा ना," बाई म्हणाल्या.

"एका घराला एकच. नियम आहे."

ते गेल्यावर बाईंनी सासऱ्यांकडे पाहिले. "टेप तुम्ही लावलीत?"

"मग काय! टाका उसवला असता ना. तुला बिचारीला कामातून सवड कुठे?"

टाक्याची थाप बाईंचीच होती.

"बरं केलंत बाबा," त्या म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. सुईत दोरा मात्र बराच वेळ ओवला गेला नाही.

मित्रांनो, आम्ही वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असे सांगतो. मी नाही सांगणार. माझी काळजी घेऊन झाली आहे. पुसायला, जपायला, चिकटवायला माणसे पुढे येतात. काच कशाने तुटली, हे पाहायला जे आले त्यांना ते पाहायचेच नव्हते.

परवा आणखी एक यान उतरणार आहे. सासरे आडवे होण्यापूर्वी स्टुलावर चढून माझ्यावरून बोट फिरवतात, टेप घट्ट आहे ना बघतात आणि माझ्या भरवशावर झोपी जातात.