घरचा दात शेवटी

तो दुसऱ्यांचे दात बनवतो. डॉक्टरांकडून तोंडाचे प्लास्टरचे साचे येतात, त्यावर हा दात चढवतो, घासतो, रंग जुळवतो. एखाद्या नवरीचा दात आला की जेवण सोडून बसतो. लोकांच्या हसण्याची केवढी काळजी!

त्याच्या पोरीला समोरचा एक दात आलाच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी तारा लावून, मेहनतीने त्या दातापुरती फट तयार केली. मग तारा काढून खोट्या दाताची प्लेट दिली. "मोठी झालीस की पक्का दात बसवू. तोवर ही तोंडात हवीच, नाहीतर शेजारचे दात सरकतील."

प्लेट तुटली.

"बाईंना कशाला त्रास? मीच करतो की," बाप म्हणाला. जुना साचा फळीवर काढून ठेवला. त्याच्यापुढे गिऱ्हाइकांचे साचे लागत गेले.

"बाबा, माझा दात?"

"होईल गं. घरचंच तर काम."

घरचंच! म्हणजे कधीच नाही. पोरगी तोंडावर हात धरून हसायला लागली. मग हसायचीच बंद झाली.

"जगाला दात वाटा," आई म्हणाली, "आणि पोरीचं बोळकं करा!"

शेवटी केला. साच्यावर असा चपखल बसला की स्वारी खूश. पोरीला घेऊन बाईंकडे गेला.

तोंडात बसेना. प्लास्टरचे दात जागच्या जागी होते, पोरीचे सरकले होते. फट निम्मी झाली होती.

"थोडा घासू का?"

"घासून काय तांदळाचा दाणा बसवायचाय?" बाई पोरीवर घसरल्या. "आता पुन्हा तारा. बजावलं होतं ना? प्लेट कुठे घालवलीस?"

पोरीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हरवली माझ्याकडून."

आणि त्या माणसाला आधी बरं वाटलं. बाईंकडून त्याला काम यायचं ना! मग पोरीने आ केला. ती अर्धी फट त्याच्यासमोर आली.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "तुटली होती. मी करतो म्हणालो, आणि वेळेवर केली नाही."

"फट बुजते, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं."

बाईंनी नवीन माप घ्यायला घेतलं. "तारेलाच एक दात अडकवू, जागा वाढेल तसा बदलू. करायला कुणाकडे पाठवू?"

पोरीच्या तोंडात मापाचा लगदा. तिला बोलता येईना.

"दुसऱ्या कुणाकडे," बाप म्हणाला. "तिथे ती गिऱ्हाईक असेल."