फळ्यावरचा वॉकओव्हर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, टेबल टेनिसच्या क्लबातला. माझ्यावर कुणी कधी पाढे लिहिले नाहीत. लिहिली ती माणसांची नावं, त्यांचे गुण आणि सामन्यांच्या वेळा.

क्लबातच खेळणाऱ्या एका सुताराने मला घडवलं. मोडक्या कपाटाची पाठ कापून, घासून, तिला काळ्या रंगाचे तीन हात दिले आणि हॉलच्या भिंतीवर ठोकलं. हॉलमध्ये दोन टेबलं होती आणि एक पंखा. सामना सुरू झाला की पंखा बंद करावा लागे, नाहीतर चेंडू वाऱ्याने भरकटायचा. उन्हाळ्यात सगळे घामाने निथळत खेळायचे.

वर्षातून एकदा स्पर्धा व्हायची आणि तेव्हा माझा मालक असायचा घड्याळकाका. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीच बंद पडलं होतं. बायको गेलेली, मुलगी सासरी. ही स्पर्धा हाच त्याचा संसार. सोळा खेळाडू असले की तो चौघांचे चार गट पाडायचा. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. चार गटविजेते उपांत्य फेरीत. एकूण सत्तावीस सामने, दोन रविवार. कुणी नाक मुरडलं की काका म्हणायचा, "अरे, नवखा माणूस एक सामना हरून घरी गेला, तर पुन्हा कशाला येईल? तीन तरी खेळू देत त्याला."

वेळापत्रक लिहिण्याआधी तो प्रत्येकाला कामाच्या वेळा विचारायचा. बेकरीवाल्याला सकाळी नको, शिक्षिकेला दुपार चालेल. मग खडूला टोक काढून माझ्यावर सुबक अक्षरात लिहायचा. लोक माझ्यासमोर गर्दी करायचे, आपलं नाव शोधायचे. तेव्हा माझी छाती फुगायची, खोटं कशाला सांगू?

क्लबातली सगळ्यात तयारीची खेळाडू होती रुग्णालयातली एक परिचारिका. सगळे तिला सिस्टरताई म्हणायचे. दोनदा उपविजेती झालेली. त्या वर्षी चषक तिचाच, असं सगळे म्हणत होते.

पण त्याच वर्षी क्लबाला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांनी आल्या आल्या फर्मावलं, "दोन रविवार कोण थांबणार? बाद पद्धत ठेवा. हरला तो बाहेर. पंधरा सामन्यांत खेळ खलास. संध्याकाळी पाहुणे बक्षीस देतील, फोटो होतील."

काकाने दोन दिवस समजावून पाहिलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर सांगा. दुसरा माणूस बघतो."  काका माझ्याकडे वळला आणि सोळा नावांची जोड्याजोड्यांची शिडी आखू लागला.

सिस्टरताईचा पहिला सामना अध्यक्षांच्या भाच्याशी होता. तिची रात्रपाळी आठला सुटायची, म्हणून काकाने वेळ लिहिली अकराची. अध्यक्षांनी ती तळव्याने पुसली. "पाहुण्यांसमोर अंतिम सामना व्हायचा, तर हा आठला हवा." काकाने त्या जागी आठचा आकडा लिहिला. शनिवारी संध्याकाळी सिस्टरताईने तो पाहिला.

"काका, मला अर्धा तास तरी द्या ना."

"बघतो गं," काका म्हणाला. त्याने काहीच बघितलं नाही. ती विश्वासाने कामावर गेली.

रविवारी आठ वाजता भाचा टेबलापाशी येऊन उभा राहिला. पाच मिनिटं गेली. दहा गेली. अध्यक्ष म्हणाले, "दहा मिनिटांची मुभा, असा नियम आहे."

"मामा, थांबू ना अजून थोडं," भाचा म्हणाला. "मला खेळायचंय तिच्याशी."

"तू गप्प बस. काका, लिहा."

काकाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सिस्टरताईच्या नावापुढे वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच बाद, असं लिहिलं. खडू इतका दाबून की माझ्या रंगावर चरा उमटला. मित्रांनो, मला बोलता येत असतं, तर मी नको म्हणालो असतो. बोलता येणारे वीसजण तिथे उभे होते. भाच्याखेरीज त्यांतलं कुणीही बोललं नाही.

आठ वाजून बारा मिनिटांनी ती धापा टाकत आत आली. अंगावर गणवेश, हातात बॅट. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकाकडे.

"हे अक्षर तुमचं आहे, काका?"

"मी फक्त लिहिलं गं. ठरवलं त्यांनी."

ती भांडली नाही. बॅट पिशवीत घातली आणि निघून गेली. भाच्याने चषक जिंकला, पण पाहुण्यांच्या फोटोत तो मान खाली घालून उभा होता.

पुढच्या वर्षी बाद पद्धतच राहिली. नावं आली नऊ. त्याच्या पुढच्या वर्षी पाच. पहिल्या फेरीत हरलेले खरोखरच परतले नाहीत. त्या वर्षी काका सिस्टरताईसाठी प्रवेशअर्ज घेऊन रुग्णालयात गेला होता. परत आल्यावर हॉल झाडणाऱ्या मावशींना तो सांगत होता, ते मी ऐकलं.

"मी माफी मागितली, मावशी. तिने मला बसवलं, माझं ब्लडप्रेशर मोजलं. म्हणाली, 'अर्ज राहू द्या, काका. तुमची गोळी तेवढी वेळेवर घेत जा.'"

"रागावली नाही?"

"रागावली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर काका क्लबात आला नाही. टेबलं विकली गेली. हॉलमध्ये आता शिकवणी चालते आणि मी दाराशी पडून आहे. माझ्यावर तेलरंगाने लिहिलंय, 'चपला रांगेत ठेवा.' तेही कुणी वाचत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुम्ही कधी स्पर्धा भरवलीत, तर आधी खेळाडूंना त्यांच्या वेळा विचारा. हरणाऱ्याला आणखी एक डाव मिळेल अशी पद्धत निवडा. आणि कुणाचं नाव खोडायला कुणी तुमच्या हातात खडू दिला, तर तो खाली ठेवा. 'मी फक्त लिहिलं' असं म्हणू नका. लिहिणारा हात तुमचाच असतो.