खाली राहिलेला झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. कळसावर फडकणारा नाही, मिरवणुकीत नाचणाराही नाही. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेने लाइनमन धावत असतो ना, त्याच्या हातातला मी लहानसा झेंडा. उमापूरच्या रतनबाईंनी शिवणातून उरलेले लाल-पिवळे तुकडे जोडून मला शिवले. फवारणी पंपाची जुनी नळी माझी काठी झाली. घामाने हात निसटू नये म्हणून तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

मला धरणारी होती शिवांजली. तिच्या वडिलांचे गावात किराणा दुकान. ती कबड्डीची पंच. कुणाचा अंगठा रेषेबाहेर पडला की त्याच क्षणी हिचा हात वर! म्हणूनच गावात मुलींच्या फुटबॉल स्पर्धा ठरल्या तेव्हा बीडहून आलेल्या मुख्य पंचांनी, केदारनाथ सरांनी, मला तिच्या हाती दिले. मैदान अर्जुनरावांच्या पडीक रानावर केलेले. ते म्हणाले, "पोरीला उभं करता तर करा. पण चुकली, तर बाहीरचा माणूस आणायचा."

सरांनी तिला ऑफसाइड समजावली. "बचाव करणाऱ्या संघाची, गोलकीपर धरून शेवटून दुसरी जी खेळाडू असते, तिच्या सरळ रेषेत कडेने पळत राहायचं. विरुद्ध संघाची मुलगी तिच्याही पुढं आणि चेंडूच्याही पुढं आहे का, ते बघायचं. कधी? तिची सोबतीण चेंडू मारते त्या क्षणी. नंतर नाही. बरोबरीत असली तर चालतं. आणि नुसतं पुढं उभं राहणं हा गुन्हा नाही. ती चेंडू खेळली किंवा कुणाच्या आडवी आली, तरच झेंडा."

शिवांजलीने मान हलवली. पण मित्रांनो, हाताची सवय मानेचे ऐकत नाही.

सेमीफायनलला पाहुण्या संघाची एक मुलगी पुढे उभी होती. चेंडू तिच्याकडे गेलाच नाही, दुसरीकडे गेला. तरी कबड्डीच्या सवयीने शिवांजलीने मला झटकन वर नेले. शिट्टी वाजली आणि पाहुण्यांचा हक्काचा गोल हुकला. उमापूर जिंकले. सामना बघायला आलेल्या गावातल्या छबुबाईंनी पदराच्या गाठीतला गुळाचा खडा शिवांजलीच्या हातावर ठेवला. "लई भारी नजर हाय गं तुही!" अर्जुनरावही खूश झाले.

सरांनी मात्र तिला बाजूला नेले. "शिवांजली, ती चेंडूला शिवली होती का?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि ती हळूच म्हणाली, "नाही सर. हात आधी गेला."

"मग फायनलला हाताला थांबव. बघायचं, थांबायचं, मग ठरवायचं."

फायनलला समोर बीडचा संघ. जिंकेल तो विभागीय स्पर्धेला जाणार. उमापूरच्या बचावात, गोलकीपरच्या अगदी पुढे, अर्जुनरावांची नात संस्कृती होती. सामना संपत आला तरी गोल नव्हता. रानाच्या बांधावर गाव उभे होते. शिवांजलीच्या मुठीत माझी काठी घामाने ओली झाली होती.

तेवढ्यात बीडच्या एका मुलीने मैदानाच्या मधून लांब चेंडू मारला. त्या क्षणी बीडची मनिषा पलीकडच्या बाजूला एकटीच, सगळ्यांच्या पुढे होती. पण अलीकडून बीडचीच शिवानी धावत निघाली होती, आणि ती अगदी संस्कृतीच्या बरोबरीत होती. मी शिवांजलीच्या हातात होतो, मला ते स्पष्ट दिसले.

"ऑफसाइड! झेंडा! अगं, झेंडा वर कर!" बांधावरून ओरडा उठला. संस्कृती हात वर करून जागीच थांबली. तिच्या सोबतिणीही थांबल्या.

शिवांजलीचा दंड ताठ झाला. मी वीतभर वर सरकलोसुद्धा! आता चेंडूला कोण शिवणार? मनिषा? मनिषाने दोन्ही हात मागे घेतले आणि ती पळायची थांबली. चेंडू शिवानीने गाठला. शिवांजलीने मला मांडीशी घट्ट दाबून धरले. शिवानीने चेंडू जाळ्यात मारला, आणि सरांनी गोल दिला.

अर्जुनराव मैदानात शिरले. "तू आपल्या गावची हायस का बीडची? दे इकडं तो झेंडा!" त्यांनी माझे कापड धरले. शिवांजलीने काठी सोडली नाही. माझी शिवण करकरली.

"आबा, जी पुढं होती ती चेंडूला शिवली न्हाई. जी शिवली ती संस्कृतीच्या बरोबरीत होती."

"मंग परवा कसा केलता वर?"

शिवांजली म्हणाली, "परवा माझं चुकलं. तवा कुणी मला रागावलं न्हाई."

संस्कृती पुढे आली. "आबा, सोडा. परवा ताईनं झेंडा वर केला म्हणून आज आमी थांबलो. शिट्टी कुठं वाजली होती? आमी पळायला पायजे होतं."

अर्जुनरावांच्या मुठीतून मी सुटलो. उमापूर एका गोलाने हरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृती सगळ्या मुलींना घेऊन मैदानात आली. शिवांजली मला दाखवून शिकवू लागली. आधी मला सरळ उभे धरायचे. शिट्टी वाजली की मग जागा दाखवायची: पलीकडच्या कडेला असेल तर तिरका वर, मधे असेल तर आडवा, अलीकडे असेल तर तिरका खाली. "आणि मी झेंडा वर केला तरी," ती म्हणाली, "शिट्टीपर्यंत पळायचं."

आता माझा लाल रंग विटला आहे. स्पर्धा नसल्या की मी पोत्याखाली पडून असतो, आणि उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला आहे. मित्रांनो, मला झटकून, वाळवून ठेवा. आणि मैदानाच्या कडेला माझ्यासारखा कुणी दिसला, तर त्याला धरणाऱ्या हातावर ओरडू नका. त्या हाताला क्षणभर थांबू द्या. थांबायला फार बळ लागते, ते मी त्या मुठीत असताना अनुभवले आहे.