तेल न लावलेल्या दांड्या

गिरण्या चालू होत्या तोवर त्या गल्लीतल्या प्रत्येक दुकानात चात्या बनत. ज्यावर सूत गुंडाळतात ती लोखंडी चाती; गिरणीला ती रोज हवी आणि गल्लीला रोज काम. मग गिरण्या बंद पडल्या आणि लेथवर धूळ बसायला लागली. काकूंच्या दुकानातलं लेथ तेवढं अधूनमधून फिरत असे, तेही पुतण्याच्या हट्टापायी. नवरा गेल्यावर काकूंनी दुकान विकलं नाही, पुतण्याने गाव सोडलं नाही. दोघं एकमेकांना धरून कसेबसे उभे होते.

अशात सरकारने जुन्या गिरणीच्या आवारात यंत्रांचे सुटे भाग तपासायची इमारत बांधली. आतली यंत्रं चालवायला विद्यापीठाची माणसं आली. दवाखान्यांसाठी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने कळवलं, की रोग्याला थेंब थेंब औषध देणाऱ्या यंत्रातली बारीक स्टीलची दांडी इथल्या दुकानांनी नीट करून दिली, तर आम्ही कारखाना इथेच काढू.

पुतण्याने दांडी केली. मापाला चोख, तरी तपासणीत नापास. प्लास्टिकच्या खोबणीत ती चिकटवायची असे, आणि ती चिकटतच नव्हती. पुन्हा केली, पुन्हा नापास.

"त्यांचं आधीच ठरलेलं असणार," पुतण्या म्हणाला. "आपल्याला नुसतं नाचवतात. काकू, आता पुरे. लेथ विकू आणि मी लांब कुठेतरी नोकरी धरतो. तुलाही घेऊन जातो."

"मी काय पेटी आहे, उचलून न्यायला?" काकू म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी ओळखलं, या वेळी तो रागाने बोलत नव्हता, थकून बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठातल्या बाई स्वतः दारात हजर.

"नापास आम्ही केलं, तेव्हा ते का झालं हे शोधायचं कामही आमचंच," त्या म्हणाल्या. "बसू का जरा इथे?"

पुतण्याने आंबट तोंडाने स्टूल पुढे सरकवलं. बाई बसल्या आणि पाहत राहिल्या. दांडी कापली, घासली, धुतली, वाळवली. मग ती काकूंच्या पुढ्यात आली. काकूंनी नेहमीसारखं मांडीवरचं फडकं उचललं, दांडी त्यातून सर्रकन ओढली आणि कागदात गुंडाळली.

"काकू, ते फडकं कसलं?"

"तेलाचं. कोरडं लोखंड उंबऱ्याबाहेर पाठवू नये. सासऱ्यांनी शिकवलंय. वाटेत गंज चढला की दुकानाचं नाव जातं."

पुतण्याने लेथ बंद केलं. ते फडकं तो लहानपणापासून इतक्या वेळा पाहत आला होता, की ते त्याला दिसेनासंच झालं होतं.

"हे स्टील गंजत नाही, काकू," बाई हळूच म्हणाल्या. "आणि तेलावर काही चिकटत नाही."

काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "म्हणजे याने घासून धुवायचं आणि मी पुन्हा माखायचं," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसू लागल्या. मग पुतण्यालाही हसू आवरेना.

पुढच्या दांड्या कोरड्या गेल्या आणि पास झाल्या. काकूंना वाटलं, सुटलो. पण कंपनीचा माणूस आला तो वेगळंच सांगू लागला.

"दांडी उत्तम आहे. पण एका दुकानाच्या जोरावर कारखाना निघत नाही. उद्या तुमचं लेथ बिघडलं तर रोग्याने थांबायचं का? गल्लीतली बाकीची दुकानं नापास आहेत. महिनाअखेर हीच गत राहिली, तर आम्हाला दुसरं गाव पाहावं लागेल."

बाकीचेही नापास? काकूंना पत्ता नव्हता. प्रत्येकाने आपलं अपयश झाकून ठेवलं होतं. बाई त्यांच्याकडेही जाऊन आल्या होत्या, पण नापास करणारीला आत कोण घेणार? सगळ्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

काकू उठल्या आणि समोरच्या मिशाळच्या दुकानाकडे निघाल्या. गिरणीच्या एका कामावरून त्याचं काकूंच्या नवऱ्याशी वाजलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"आपली फजिती त्याला सांगणार?" पुतण्याने विचारलं. "वर्षभर हसेल तो."

"हसू दे. हसायला तरी दुकान उघडं राहील."

मिशाळ दारातच उभा होता.

"दांडी चिकटत नाही ना?" काकूंनी थेट विचारलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तेल लावून पाठवता ना?"

"मग काय कोरडी पाठवू? आम्हाला काही वळण आहे की नाही?"

"मलाही तेच वळण, आणि त्यापायी दोनदा आपटलो. धुतल्यावर तेलाला शिवू नका. आणि त्या बाई आल्या तर त्यांना आत घ्या, भल्या आहेत."

मिशाळ दारातून बाजूला झाला. "वहिनी, हे सांगायला तुम्ही रस्ता ओलांडलात?"

"हो. आणि मिशीला लावता ते तेलही जरा आवरा, दांड्यांना लागेल."

तो हसला, आणि काकूंच्या आधीच शेजारच्या दुकानात सांगायला गेला.

महिनाअखेर गल्ली पास झाली. कारखान्याचा पाया खणला गेला आणि लेथ विकायची भाषा पुतण्याने पुन्हा काढली नाही. काकूंना आभार मानल्याशिवाय चैन पडेना. त्या बाईंकडे गेल्या. बाई म्हणाल्या, "आभार ही इमारत उभारणाऱ्या सरकारी साहेबांचे माना. जो नापास होईल त्याच्या दारी जायचं, ही अट त्यांनीच घातली." साहेब म्हणाले, "अट मी लिहिली, पण सुचवली कंपनीवाल्यांनी." कंपनीचा माणूस म्हणाला, "मला ते बाईंनीच शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी."

काकू दुकानात परतल्या आणि स्टुलावर टेकल्या.

"कोणाचे मानलेस मग आभार?" पुतण्याने विचारलं.

"तिघांचे मानून आले, पण घ्यायला एकही तयार नाही. माणसं एकमेकांवर ढकलताना जन्मभर पाहिली रे, पण ते सगळं खापर होतं. चांगलं काम ढकलताना आजच पाहिलं."