पाटीला हात

"गाडयेर बस मां. हय कोण बघता?" स्कूटर माझ्या बाजूने रखडत चालवत निलेश म्हणाला.

"आवस बघता," मी म्हणाले.

निलेश माझा नवरा, वैभववाडीचा, डोंगराखालचा माणूस. माशांची पाटी डोक्यावर घेऊन चालणं म्हणजे काय, हे त्याला कुंभारमाठची चढण येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पाटीतल्या बर्फाचं पाणी कापडी चुंबळीतून झिरपून माझ्या मानेवर उतरत होतं. माझी आवस, म्हणजे आई, या वाटेने रोज तारकर्लीहून कट्टा गावच्या बाजारात बांगडे विकायला जायची, कारण वास येतो म्हणून पाटी कोणी गाडीत घेत नसे.

ही चालण्याची कल्पना आमच्या लेकीची, आकांक्षाची. आई किडनीच्या दुखण्याने गेली. डायलिसिसला तिला दर खेपेस लांब न्यावं लागायचं, आणि येताना गाडीत आडवी पडून ती म्हणायची, "आता पुरे गो, माका परत नेव नको." तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसं लेकीने सगळ्यांना फोनवर कळवलं, की इथलंच एक मंडळ डायलिसिसचं केंद्र काढतंय आणि त्यासाठी मी तिच्या आजीच्या वाटेने चालणार आहे, भरलेली पाटी डोक्यावर घेऊन. कट्ट्याला पोचली तर लोकांनी देणगी द्यायची, पाटी गाडीवर चढली तर नाही. पन्नाशीच्या बाईला असले उद्योग सांगितलेत कोणी? पण आईची वाट म्हटल्यावर माझ्याच्याने नाही म्हणवेना.

सकाळी आईच्या बंद घराचं कुलूप काढलं. अंगणात चिऱ्यांचा एक वटा आहे, खांद्याएवढा उंच, मध्येच एकटा. माझ्या लग्नाआधी तो नव्हता. बसायला उंच, तुळस लावायला जागा नाही. कशाला बांधलास म्हणून विचारलं तर आई म्हणायची, "आसांदे." त्या वट्यावर चहाचा कप ठेवून मी पाटी भरली, आणि उचलायला निलेशने हात लावला.

लहानपणी तो हात माझा असायचा. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही, समोरून कोणीतरी उचलून द्यावी लागते. बाबा होडीवर गेलेले असत. आई गुडघ्यात वाकायची, मी काठाखाली दोन्ही तळवे घालायची, आणि ती "हां" म्हणाली की उचलायचं. मग ती मान ताठ करून निघायची, वळून बघायचीसुद्धा नाही. मला मात्र शाळेत दुपारपर्यंत हाताला माशांचा वास यायचा आणि तो मला आवडायचा. हात लावणारं माणूस दिसल्याशिवाय वाटेत पाटी उतरवू नकोस, असं ती मला नेहमी सांगायची.

नेमकं तेच मी विसरले. चौके गाव मागे पडल्यावर निलेश कट्ट्याला पुढे गेला, तिथे आकांक्षा लोकांना घेऊन थांबली होती. काजूच्या बागेपाशी मला सावली दिसली आणि गुडघे टेकून मी पाटी खाली ठेवली. पाणी प्यायले, बरं वाटलं. उठून बघते तर रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि फोनला रेंज नाही. दोनदा उचलून पाहिली. दुसऱ्यांदा कमरेत अशी चमक भरली की मी मातीतच बसले. आई गेली तेव्हा आले-गेलेल्यांचं बघता बघता रडायचं राहूनच गेलं होतं. ते आता आलं.

"कोण गो ता?" बांधावरून आवाज आला. एक म्हातारी काठी टेकत उतरत होती. "हयसर पाटी उतरवणारी एकच बाय होती. सत्यवतीचा चेडू मां तू?"

सत्यवतीची मुलगी मीच, अशी मी मान हलवली. तिचं नाव सुगंधाबाय, घर बागेच्या वर.

"तुझी आवस रोज हयच दम खाय. हाक मारी, मी येवन हात लावी. आणि रोज एकच गजाल. सकाळी माझ्या चेडवाचो हात, हय तुझो, मगे कट्टो लांब नाय."

"पण माझा तर लगीन झाला," मी डोळे पुसत म्हणाले. "मगे सकाळी कोण हात लावी?"

"कोण नाय. वटो बांधल्यान मां तिना. तेच्यार पाटी ठेवची, खाली डोक्या घालून उचलूची." सुगंधाबाय माझ्या समोर येऊन उभी राहिली. "तरी हय येवन म्हणी, सकाळी माझ्या चेडवाचो हात. पाटी सोडीपर्यंत तसाच म्हणी. मी आपला हात लावी. चल, वाक."

मी वाकले. तिने काठाखाली हात घातले आणि पाटी नीट बसली. कट्ट्याला पोचले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार घातला. आकांक्षा गळ्यात पडून रडली.

संध्याकाळी कुलूप लावायला तारकर्लीला गेलो. सकाळचा कप वट्यावर तसाच होता. तो बाजूला करून मी तिथे रिकामी पाटी ठेवली, समोर उभी राहिले आणि काठाखाली दोन्ही तळवे घातले. बाहेर निलेशने स्कूटर चालू केली, हॉर्न दिला. "हां" ऐकू येईल म्हणून मी तशीच उभी राहिले.